कॅल्क्युलेटरवरचा जुना आळ

दोन जिनसांची बेरीज करायलाही दुकानदाराने कॅल्क्युलेटर पुढे ओढला की गिऱ्हाइकांतलं कुणीतरी वडीलधारं माणूस हमखास सुस्कारा टाकतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही नावं एका दमात घेतली जातात, तिन्हीसांजेच्या परवच्याची आठवण निघते आणि निकाल लागतो: या डबीने माणसांची डोकी गंजवली. निकाल इतका सर्वमान्य आहे की त्याची उलटतपासणी सहसा कुणी करत नाही. ती केली तर पहिल्याच प्रश्नाला खटला अडखळतो. पावकी-औटकी ज्या हिशेबासाठी होती, तो हिशेब १९५७ ते १९६२ या पाच वर्षांत कायद्याने मोडीत काढला. उजेडावर चालणारा कॅल्क्युलेटर जगाच्या बाजारात आला तो १९७६ साली, आणि आपल्याकडच्या गल्ल्यांवर त्याचं बस्तान बसायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. म्हणजे आरोपी घटनास्थळी पोचला तेव्हा तेराव्याचं जेवणसुद्धा उरकलं होतं. कॅल्क्युलेटर अगदीच निर्दोष आहे असं नाही. त्यानेही काहीतरी संपवलं. पण ते पावकी-निमकी नव्हे.

हे पाढे नेमके कशाला होते ते आधी पाहू. आज आपण त्यांच्याकडे पाठांतराची कसरत म्हणून बघतो, पण त्या एका विशिष्ट कुलपाच्या किल्ल्या होत्या. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. मणाचे चाळीस शेर. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. धान्य मापताना दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. वर चढताना दुप्पट, खाली उतरताना निम्मं. वजनात अच्छेर, पावशेर, नवटाक हीसुद्धा शेराच्या निम्म्याच्या निम्म्याची वाट. सगळी व्यवस्था अर्ध्या-पाव-अर्धपावावर उभी होती, आणि त्यात काही फार देखणे जोड होते. आणे सोळा आणि शेर चाळीस, म्हणजे एकाला दुसरा बरोबर अडीचपट. त्यामुळे शेराला जितके आणे भाव, त्याच्या अडीचपट रुपये मणाचा भाव. सात आणे शेर तर साडेसतरा रुपये मण. भागाकार नाही, गुणाकार नाही, सरळ सातांची अडीचकी. उलट दिशेने, मणाला जितके रुपये तितके आणे अडीच शेरांना. आण्याच्या पै बारा आणि डझनाचे नगही बारा, तेव्हा डझनाला जितके आणे तितक्या पै नगाला. गूळ साडेतीन आणे शेर असेल आणि बारा शेर घ्यायचा असेल तर बारांची औटकी बेचाळीस, बेचाळीस आण्यांचे दोन रुपये दहा आणे. औटकी हा साडेतीनचा पाढा आज आपल्याला चमत्कारिक वाटतो. साडेतीन आणे हा भाव रोज कानावर पडणाऱ्याला तो तसा वाटण्याचं कारण नव्हतं.

लिहिण्याची पद्धतही याच घाटाची होती. मोडीतल्या हिशेबात आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. पाचापुढे दोन रेघा दिसल्या की वाचणारा ‘साडेपाच’ म्हणे. छेद-अंश मांडावे लागत नसत, दशांशचिन्हाचा प्रश्नच नव्हता. बोलणं, लिहिणं, मोजणं आणि नाणं हे चारही एकाच साच्यातून काढलेले होते. चवली, पावली, अधेली ही नाण्यांची नावं घ्या: दोन आणे, चार आणे, आठ आणे. अंकलिपीत पाठ केलेला पाढा संध्याकाळी वाण्याच्या दुकानात जसाच्या तसा वापरता येई. गणित शिकणं आणि बाजार करणं यांच्यामध्ये भाषांतराची पायरी नव्हती. ही सोय पाढ्यांच्या अंगची नव्हती. सोळा, बारा आणि चाळीस या आकड्यांच्या आपसातल्या नात्याची होती, हे इथे ध्यानात ठेवायला हवं.

हे नातं तोडलं गेलं त्याची तारीख सांगता येते. १९५५च्या नाणे दुरुस्ती कायद्यानुसार १ एप्रिल १९५७पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ १९५६च्या वजनमापांच्या कायद्याने किलोग्रॅम आणला. १९५८च्या ऑक्टोबरपासून तो टप्प्याटप्प्याने बाजारात शिरला आणि १९६२मध्ये व्यापारी वजनांत सक्तीचा झाला. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत होते, आणि सव्वासहाचं नाणं पाडता येत नाही. म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे ठरले. एकेक आणा सुटा मोजला तर चार आण्यांचे चोवीस, एकदम मोजला तर पंचवीस. सुट्या पैशांवरून तेव्हा किती वादावादी झाली असेल, याची कल्पना या एका पैशावरून करता येते. पण खरी मोडतोड वाद मिटल्यावर दिसते. शेराला आणे आणि मणाला रुपये ही जोडी संपल्यावर अडीचकीला काही कामच उरलं नाही. किलोला जितके पैसे तितके रुपये क्विंटलला. हा नवा नियम इतका सोपा की त्याला पाढा लागत नाही, दोन शून्यं लागतात. साडेतीन आणे हा भावच बोलण्यातून गेला, मग औटकी कशाला? पुढच्या पिढीच्या अंकलिप्यांत हे पाढे छापले जात राहिले खरे, पण वापर संपल्यावरही पत्रिकेवर जुन्या गावाचं नाव छापत राहावं तसे.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. पाव किलो, अर्धा किलो, दीड किलो तर आजही मागतात. ऐंशी रुपये किलोच्या पाव किलोचे वीस, हे सांगायला पावकी चालतेच की. मग पाव-अर्धा-पाऊण-सव्वा-दीड हे पाढे दशमान पद्धतीतही टिकायला हवे होते, आणि ज्या अर्थी टिकले नाहीत त्या अर्थी त्यांना दुसऱ्याच कुणीतरी घालवलं. यातला पहिला भाग खरा आहे. परंतु पाव किलोचा हिशेब निम्म्याचं निम्मं करून होतो, त्यासाठी शंभरपर्यंत पावकी घोकावी लागत नाही. घोकण्याचा खटाटोप माणूस करतो तो दिवसातून पन्नास वेळा उपयोग होणार असेल तर. साताठ कोष्टकांचा पूर्ण संच जेव्हा लागत होता तेव्हा तो अख्खा घोकला जाई. त्यातले निम्मे निरुपयोगी झाल्यावर उरलेल्यांसाठी रोज संध्याकाळी पोरांना रांगेत बसवण्याचा उत्साह कुठून येणार? शाळेतही अपूर्णांकांच्या जागी दशांश आले. १.५ लिहिणाऱ्या मुलाला दिडकी म्हणून दाखवण्यात कुठलीच सोय नव्हती, उलट दोन भाषांत विचार करण्याचा व्याप होता.

आपल्या तर्काला बाहेरून ताळा लावायचा तर जपानकडे पाहावं, कारण कॅल्क्युलेटर पिकला तोच तिथे. जपानी व्यापाऱ्याचं पारंपरिक साधन सोरोबान, म्हणजे मण्यांची चौकट. १९४६च्या नोव्हेंबरात टोकियोत एक सामना झाला होता: सोरोबान घेऊन बसलेला कियोशी मात्सुझाकी हा टपाल खात्यातला कारकून विरुद्ध विजेचं गणनयंत्र चालवणारा अमेरिकी सैनिक. मण्यांनी यंत्राला चार विरुद्ध एक असं हरवलं. पुढे तिथे कॅल्क्युलेटरचा महापूर आला, तरी सोरोबान वाहून गेला नाही; त्याचे वर्ग चालू राहिले, परीक्षा चालू राहिल्या, प्राथमिक अभ्यासक्रमात त्याला आजही थोडी जागा आहे. १९७९च्या सुमारास शार्प कंपनीने तर ‘सोरोकॅल’ नावाचं जोडयंत्र काढलं होतं, एकाच चौकटीत कॅल्क्युलेटर आणि मणी. यंत्राने केलेल्या गणिताचा ताळा मण्यांवर पाहावा, ही त्यामागची दृष्टी. (अविश्वासाला इतकी सुबक चौकट क्वचितच मिळाली असेल.) आता फरक बघा. जपानचं येन १८७१पासून दशमान, सोरोबानचे खांबही दशमान. तिथे यंत्र आलं पण आकड्यांचा पाया हलला नाही, म्हणून जुनी विद्या नव्या यंत्राशेजारी बसू शकली. आपल्याकडे यंत्र येण्याच्या कितीतरी आधी पायाच बदलला. जपानात शाळांनी आणि परीक्षामंडळांनी सोरोबानला आधार दिला, तसा आपल्या पाढ्यांना कुणी दिला नाही, असंही म्हणता येईल. पण आधार देऊनही मुलांना शेवटी सोळा आण्यांचा हिशेब कुठल्या दुकानात करता आला असता?

यंत्राची स्वतःची हकिगतही पाहायला हवी, कारण ‘कॅल्क्युलेटर आला’ हे वाक्य बोलायला सोपं असलं तरी तो एकदम आला नाही. ज्या १९५७ साली आपल्याकडे नवा पैसा निघाला त्याच साली कासिओने रिलेंवर चालणारं १४-ए हे यंत्र विकायला काढलं. वजन एकशे चाळीस किलो; एखाद्या लेखनिकाच्या मेजाएवढं ते धूड किराणा दुकानात ठेवायचं तर गुळाच्या ढेपा बाहेर काढाव्या लागल्या असत्या. १९६४मध्ये शार्पचं पूर्णपणे ट्रान्झिस्टरचं सीएस-१०ए आलं, पंचवीस किलोंचं, किंमत पाच लाख पस्तीस हजार येन. आठच वर्षांत, १९७२ साली, कासिओ मिनी बारा हजार आठशे येनला मिळू लागला. तरीही ही यंत्रं रोजच्या व्यापाराची नव्हती. त्यांचे चमकणारे आकडे वीज खात, आणि बॅटरी हा न संपणारा खर्च होता. भारतात सत्तरच्या दशकात डीसीएम डेटा प्रॉडक्ट्ससारख्या कंपन्या कॅल्क्युलेटर विकत होत्या. तिथूनच बाहेर पडलेल्या शिव नाडर आणि त्यांच्या सोबत्यांनी संगणकाकडे वळण्याआधी कॅल्क्युलेटर विकूनच भांडवल उभं केलं. पण ते गिऱ्हाईक कंपन्यांचं, बँकांचं, अभियंत्यांचं होतं. गल्लीतला वाणी त्यात नव्हता.

तो त्यात आला याचं श्रेय माझ्या मते गणित करणाऱ्या चिपपेक्षा वरच्या काळसर पट्टीला अधिक जातं. १९७३मध्ये शार्पच्या ईएल-८०५ने द्रवस्फटिकाचा पडदा आणि अल्प वीज पिणारी सीमॉस चिप एकत्र आणली. एका पेन्सिल सेलवर तो शंभर तास चाले. विजेची गरज एवढी खाली आल्यावरच उजेडावर भागण्याची शक्यता निर्माण झाली. सिलिकॉनचा सौरघट १९५४पासून बेल प्रयोगशाळेत तयार होता, पण तो महाग होता. उपग्रहांना परवडे, वाण्यांना नाही. १९७६ साली दोन गोष्टी घडल्या: शार्पने ईएल-८०२६ हा सौर कॅल्क्युलेटर बाजारात आणला, आणि अमेरिकेत आरसीएच्या प्रयोगशाळेत कार्लसन आणि व्रॉन्स्की यांनी अस्फटिकी सिलिकॉनचा सौरघट प्रसिद्ध केला. या दुसऱ्या प्रकारच्या घटाला महागडे स्फटिक लागत नाहीत. काचेवर पातळ थर चढवला की झालं. सान्योचे युकिनोरी कुवानो यांनी एकाच काचेवर असे अनेक घट ओळीने जोडण्याची युक्ती काढली आणि १९८०मध्ये सान्योने त्यांचं उत्पादन सुरू केलं. गंमत अशी की या घटाला भर उन्हात स्फटिकी घटाची सर येत नाही, पण ट्यूबलाइटचा मंद उजेड त्याला चांगला मानवतो. ‘सौर’ कॅल्क्युलेटर खऱ्या अर्थाने सूर्याचा कधी नव्हताच. तो दुकानातल्या ट्यूबचा होता. १९८३मध्ये कासिओचा एसएल-८०० तर पाऊण मिलिमीटरहून किंचितच जाड, ०.८ मिलिमीटरचा निघाला. आपल्या दुकानांत मात्र टिकला तो असा पातळ नव्हे, मोठ्या बटणांचा, बारा आकडी, मेजावर ठेवायचा. आत एक बटण सेल आणि वर पट्टी, म्हणजे ‘टू वे पॉवर’. भारनियमनाच्या काळातही तो बंद पडत नसे, आणि सेल संपला हे मालकाला कित्येकदा कळतही नसे. पट्टीची पत इतकी वाढली की स्वस्त नकली कॅल्क्युलेटरांवर ती नुसती चिकटवलेली असते. मागे एकही तार नसते. अंगठा ठेवून आकडे फिके पडतात का पाहणं, ही त्यावरची बाजारातली परीक्षा.

मग या यंत्राने संपवलं काय? संपवली ती उभी बेरीज. हातचा घेत, पुडीच्या कागदावर किंवा खोक्याच्या पुठ्ठ्यावर केलेली, आणि मग खालून वर पुन्हा एकदा करून ताळा पाहिलेली. पेढीवरच्या दिवाणजीचं अर्धं आयुष्य कीर्द-खतावणीच्या रकान्यांत जाई, आणि त्याची किंमत हिशेब करता येण्यात नव्हती, बेरीज न चुकण्यात होती. कॅल्क्युलेटरवरचं जीटी बटण सगळ्या बिलांची एकत्र बेरीज देतं, चेक बटण टाकलेले आकडे एकेक करून परत दाखवतं. दिवाणजीच्या मानाची गोष्ट बटणांत गेली. याचं वाईट कुणाला वाटत असेल तर ते समजण्यासारखं आहे, पण ते पावकीचं दुःख म्हणून सांगू नये.

आणि जुन्या तोंडी हिशेबाचं गुणगान करताना तो कुणाच्या तोंडी होता हेही विचारायला हवं. १९५१च्या जनगणनेत देशातले शंभरात जेमतेम अठरा लोक साक्षर होते. पाढे सगळ्यांना येत होते ही समजूत, ज्यांच्या घरी पाढे होते त्यांनी जपलेली आहे. बाकीच्यांच्या दृष्टीने हिशेब ही समोरच्याची विद्या होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः दस्तऐवजांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकावून जाळले गेले. पुढे १८७९च्या दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीच्या कायद्याने न्यायालयाला कर्जाचा व्यवहार मुळापासून तपासण्याचा आणि कुळाला हिशेब मागण्याचा अधिकार दिला. रोजकीर्द मोडीत किंवा महाजनीत, व्याजाची आकारणी सावकाराच्या जिभेवर, आणि कुळाच्या हाती अंगठ्याची शाई. त्या काळात अडीचकी भरभर म्हणता येणं ही सत्ता होती. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धतही आठवावी. तिथे तर आकडा तिसऱ्या माणसाला कळूच नये, अशीच रचना होती. कॅल्क्युलेटरचा पडदा दुकानदार गिऱ्हाइकाकडे फिरवतो, तेव्हा निदान बेरीज तरी दोघांच्या मध्ये येते.

यावर कुणी म्हणेल की पडदा फिरवला म्हणून फसवणूक थांबत नाही. भाव खोटा टाकला, काटा मारला, तर यंत्र इमानाने खोटंच उत्तर देणार. बरोबर आहे. मी यंत्राला न्यायाधीश करत नाही. बेरजेतली चूक आणि भावातली लबाडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि पूर्वी त्या एकाच धुक्यात दडत, इतकंच म्हणणं आहे. शिवाय आजच्या हिशेबाचा आकार तोंडी विद्येला मानवणारा राहिलेला नाही. १ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर लागू झाला. करासकट रकमेतून मूळ किंमत काढायची तर अठरा टक्क्यांच्या मालाला १.१८ने भागावं लागतं. सवायकी-दिडकीच्या घराण्यात असा पाढा कधी जन्मलाच नव्हता.

राहता राहिला डोकी गंजल्याचा मुद्दा. २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं किलोचे भाव, वजनं आणि परत द्यायचे सुटे पैसे यांचा हिशेब कागदाशिवाय बिनचूक करत होती. तीच मुलं शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या उदाहरणांशी अडखळत होती. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांबद्दल १९८५मध्ये असाच निष्कर्ष निघाला होता. म्हणजे कॅल्क्युलेटर गल्लोगल्ली पोचल्यावर कित्येक वर्षांनीही बाजारातलं तोंडी गणित जिवंत आहे. मरून पडली ती शाळा आणि बाजार यांच्यातली वाट, जी अंकलिपीच्या काळात, निदान ज्यांना अंकलिपी मिळाली त्यांच्यापुरती, खुली होती. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली बावीसऐवजी ‘वीस दोन’ असा पर्याय आला, तेव्हा उठलेल्या गदारोळात याच तुटलेल्या वाटेची कळ होती असं मला वाटतं; मात्र भांडण झालं ते शब्दांवरून.

शब्दांचं म्हणाल तर ते आश्चर्यकारक चिवट निघाले. पंचवीस पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११नंतर चलनातून गेली, तरी बाजारात अजून कुणी ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ म्हणतं. कॅल्क्युलेटर बहुतेक करून परदेशी घडणीचे, त्यामुळे स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांनी देतात. लाख त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नाही. घाऊक बाजारातला व्यापारी दिवसाअखेर जीटी दाबतो, पडद्यावर १२५,००० उमटतात. तो क्षणभर डोळे बारीक करतो आणि शेजारी उभ्या असलेल्या गुमास्त्याला आकडा सांगतो: ‘सव्वा लाख.’